‘बॅन आहे’ म्हणाले, तर आधी कागद मागा

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन वर्षांपासून वाचनकट्टा चालतो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बाराजण क्लबहाउसमध्ये जमतो. पुढच्या महिन्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ ठरवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात आमच्याच मजल्यावरच्या एका काकांचा मेसेज आला, ‘हे पुस्तक बॅन आहे, केस झाली तर सगळी सोसायटी अडकेल.’ सेक्रेटरींनी हॉल मिळणार नाही असं तोंडी सांगितलं. जवळच्या ग्रंथालयात एक प्रत होती. ती मागायला गेले, तर ‘सध्या देत नाही, कपाटात ठेवली आहे’ असं उत्तर मिळालं. मुलगा म्हणतो, सगळ्यांना पीडीएफ पाठव आणि मोकळी हो. पुस्तकावर खरंच बंदी आहे का? वाचलं तर गुन्हा होतो का? काकांशी रोजची भेट आहे, संबंध बिघडवायचे नाहीत. काय करावं?
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

उत्तर : ताई, नमस्कार. पहिलं उत्तर एका ओळीचं आहे. या पुस्तकावर बंदी नाही. ते महाराष्ट्र शासनानेच छापलेलं आहे. शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी मालिकेतला हा चौथा खंड, संपादक वसंत मून, साल १९८७.

काकांच्या डोक्यात बहुधा त्यानंतरच्या वर्षभरातला गदारोळ असणार. खंड बाहेर आल्यावर राम आणि कृष्ण यांच्यावरच्या परिशिष्टाला कडाडून विरोध झाला. सरकारने ते परिशिष्ट काढायची तयारी दाखवली, तशा दलित संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८८मध्ये मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, फक्त त्याखाली एक टीप आली : या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही. ती टीप खंडात छापलेली आहे. तुमच्या बैठकीत ते पान आवर्जून सगळ्यांना दाखवा. न पटणारं पुस्तक जप्त न करता त्याला कसं सामोरं जाता येतं, याचा तो छापील पुरावा आहे.

आता ‘बॅन’ या शब्दाकडे येऊ, कारण तो आपल्याकडे फार सैल वापरला जातो. सरकारने पुस्तक जप्त करणं, परदेशातून आणायला मनाई असणं, न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम असणं, प्रकाशकाने घाबरून प्रती परत घेणं, विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढणं, ग्रंथपालाने कपाटात ठेवणं आणि कुणीतरी ग्रुपवर ‘बॅन आहे’ लिहिणं, या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. तुमच्याकडे शेवटच्या दोन घडल्या आहेत. दोन्ही तोंडी आहेत आणि तोंडी बंदीची ताकद एवढीच की कुणी कागद मागत नाही.

खऱ्या बंदीला कागद लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८खाली (१ जुलै २०२४पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं) राज्य सरकार अधिसूचना काढून पुस्तक जप्त झाल्याचं जाहीर करतं. त्या अधिसूचनेत सरकारच्या मताची कारणं द्यावीच लागतात. अशी अधिसूचना निघाली की देशात कुठेही सापडलेली प्रत पोलीस ताब्यात घेऊ शकतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटवर झडतीही होऊ शकते. म्हणजे दुसऱ्या राज्याची अधिसूचना पुण्यातल्या प्रतीलाही लागू पडते. ऑगस्ट २०२५मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने एका फटक्यात २५ पुस्तकं जप्त केली, ती याच कलमाखाली. म्हणून एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो : अशी अधिसूचना ज्या पुस्तकावर आज लागू आहे, त्याच्या प्रती वाटू नका. त्या पुस्तकाची लढाई न्यायालयात लढायची असते. कलम ९९खाली, राजपत्रात अधिसूचना आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, त्या पुस्तकात हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ते प्रकरण ऐकतं.

ही वाट फक्त कायद्याच्या पुस्तकातच आहे असं समजू नका. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून ५ जानेवारी २००४ रोजी आपल्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. खरं तर प्रकाशकाने ते पुस्तक त्याआधीच, नोव्हेंबर २००३मध्ये, भारतातून मागे घेतलं होतं. पुढे राज्य सरकारने बंदी घातली. त्या बंदीला आव्हान देणाऱ्यांत लेखक नव्हता, प्रकाशकही नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने २००७मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये तो निकाल कायम ठेवला. सरकारच्या अधिसूचनेत कोणत्या समाजांमध्ये तेढ निर्माण होईल हेदेखील नीट सांगितलेलं नव्हतं, हा त्या निकालातला कळीचा मुद्दा. पण बंदी उठली म्हणून पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत येऊन बसलं का? नाही. न्यायालय सरकारचा हात अडवू शकतं, प्रकाशकाला छापायला लावू शकत नाही. तिथे वाचकांची मागणीच लागते, आणि ती मागणी तुमच्यासारख्या कट्ट्यांमधूनच येते.

कागद मागण्याचं महत्त्व किती, हे २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसलं. सलमान रश्दींच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’च्या आयातीवर १९८८पासून मनाई आहे असं सगळेच धरून चालले होते. एका वाचकाने ती अधिसूचना दाखवा म्हटलं, तर सरकारी खात्यांपैकी कुणालाच ती सापडेना. न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये म्हटलं की अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं धरण्यावाचून पर्याय नाही.

तेव्हा सेक्रेटरींना एक साधा अर्ज द्या. तारीख, वेळ, माणसं किती, पुस्तकाचं नाव, ‘प्रकाशक : महाराष्ट्र शासन’ हे शब्द, आणि शेवटी एक विनंती : हॉल नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावं. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. अर्जासोबत खंडाच्या शीर्षकपानाची झेरॉक्स जोडा, तीच तुमची निम्मी बाजू मांडेल. समितीला हॉलबाबत ठरवण्याचा अधिकार आहे, तो मान्यच करायला हवा. पण तो हॉलपुरता. हॉल नाहीच मिळाला, तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसा. घरात बाराजणांनी बसून पुस्तक वाचायला पोलिसांची परवानगी लागत नाही. बागेत किंवा टेकडीवर जमणार असाल तर मात्र आधी पोलीस ठाण्यात विचारा, कारण पुण्यात जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात आणि तेवढ्याच कारणावरून बैठक मोडली जाते.

‘गुन्हा होतो का?’ वाचणं हा गुन्हा नाही. पण तक्रारी कुठून उगवतात ते समजून घ्या. भारतीय न्याय संहितेची दोन कलमं लोक पुढे करतात. १९६ हे गटांमध्ये शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे आणि २९९ हे धार्मिक भावना दुखावण्याबद्दल. २९९साठी हेतू जाणूनबुजून आणि दुष्ट असावा लागतो, आणि न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरीही लागते. तक्रार नोंदवली जायला मात्र तेवढं लागत नाही आणि हेलपाटे तिथूनच सुरू होतात. अडचण पुस्तकामुळे क्वचित येते, ती स्क्रीनशॉटमुळे येते. कुणीतरी अर्धं पान कापून, वर दोन ओळी चिकटवून पुढे ढकलतं. त्या दोन ओळी बाबासाहेबांच्या नसतात आणि नाव तुमच्या कट्ट्याचं असतं. म्हणून पहिला नियम : उतारे ग्रुपवर टाकायचे नाहीत. टाकायचेच तर अख्खं पान, खंड आणि पृष्ठ क्रमांकासह, स्वतःची शेरेबाजी न करता. दुसरा : बैठकीचं चित्रीकरण नाही. तिसरा : निमंत्रणावर ‘बंदी घातलेलं पुस्तक’ असं लिहायचं नाही. ते चटकदार वाटतं, पण तुमच्या बाबतीत ते खोटं आहे आणि काकांचंच म्हणणं तुमच्या हाताने छापल्यासारखं होतं. पोलिसांची लेखी नोटीस आलीच तर फोनवर वाद घालू नका. ती घ्या, तारीख टाका आणि वकिलाला दाखवून लेखी उत्तर द्या.

ग्रंथालयाचं प्रकरण आम्हाला हॉलपेक्षा गंभीर वाटतं. हॉलचा प्रश्न बाराजणांचा आहे, कपाटातली प्रत पुढच्या वीस वर्षांच्या वाचकांची. आणि ही बंदी कुठेच नोंदली जात नाही. यादीत पुस्तक ‘आहे’, फक्त मिळत नाही. दोन-तीन वर्षांनी मोजणीत ‘गहाळ’ दाखवलं की विषय संपला.

ग्रंथपालांवर मात्र चिडू नका. बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या पगारावर एकटं माणूस काउंटर सांभाळत असतं. कुणी दमात घेतलं तर त्याच्या मागे उभं राहायला कुणी नसतं. तुमचं पत्र संस्थेच्या कार्यवाहांच्या नावे लिहा. पत्रात चारच गोष्टी विचारा : या पुस्तकाचा दाखल क्रमांक काय, ते देवघेवीतून कोणत्या तारखेपासून आणि कुणाच्या निर्णयाने थांबवलं, आक्षेप लेखी आला आहे का, आणि ते सभासदांना पुन्हा कधी मिळेल. दाखल नोंदवहीतलं पुस्तक असंच नाहीसं करता येत नाही. ते बाद करायचं तर रीतसर निर्लेखन करावं लागतं, हे पत्रात सभ्य शब्दांत नमूद करा. तुम्ही एकटीने सही करण्यापेक्षा पाच-सहा सभासदांच्या सह्या आणि सभासद क्रमांक घ्या. शिवाय मागणी नोंदवहीत प्रत्येकाने वेगवेगळ्या दिवशी हे पुस्तक मागितल्याची नोंद करा. वार्षिक सभेत ‘कुणी मागतच नाही’ हे उत्तर मग देता येत नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही आणि ग्रंथालय शासनमान्य, अनुदानित असेल, तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. लोक यात रागाचं निबंधलेखन करतात आणि अर्ज तिथेच अडकतो. ‘का’ विचारू नका, कागद मागा : आक्षेपाच्या पत्राची प्रत, ठरावाची प्रत, निर्लेखन यादीची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

दरम्यान प्रती स्वतः जमवा. बाराजणांना सहा प्रती पुरतात, एका जोडीला एक. कॅम्पात जीपीओजवळ फोटोझिंको मुद्रणालयाच्या आवारात शासकीय ग्रंथागार आहे, तिथे हे खंड मिळतात. जाण्याआधी फोन करा, कारण खंड संपलेले असण्याची शक्यता बरीच असते. छपाई इतकी रखडली होती की मुंबई उच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली. मराठी अनुवाद अप्पा बळवंत चौकात विचारा. घेताना अनुक्रमणिका उघडून बघा. मूळ ग्रंथात २४ कोडी आहेत आणि परिशिष्टं वेगळी. चोविसापेक्षा कमी असतील तर ते संक्षिप्त पुस्तक आहे, ते कट्ट्यासाठी घेऊ नका. १४ एप्रिलच्या आसपास किंवा १ जानेवारीला पेरणे फाट्यावर (भीमा कोरेगावच्या जयस्तंभापाशी) पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे वर्षभर न दिसणाऱ्या आवृत्त्याही हाती येतात.

मुलाच्या पीडीएफविषयी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बाबासाहेब १९५६मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७पासून सर्वांसाठी खुलं झालं. पण हे पुस्तक त्यांच्या पश्चात निघालं. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनाच्या सालापासून मोजतात, म्हणजे इथे १९८७पासून. इथे जाणकारही चुकतात. अनुवादकाचा हक्क आणखी वेगळा. तेव्हा स्कॅन करून फाइल फिरवू नका. तशी गरजही नाही, कारण परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर या मालिकेचे इंग्रजी खंड मोफत ठेवलेले आहेत. त्या पानाची लिंक पाठवा. ‘बॅन आहे’ म्हणणाऱ्याला केंद्र सरकारच्या संकेतस्थळाची लिंक हे फार सभ्य उत्तर आहे. छापील प्रत उसनी देणं आणि बैठकीत बेताचे उतारे मोठ्याने वाचणं, यांना कायद्याची काहीच आडकाठी नाही.

प्रत्येक प्रतीच्या आतल्या पानावर एक कार्ड चिकटवा. अमेरिकेतली ग्रंथालयं १९८२पासून दरवर्षी एक आठवडा आक्षेप घेतलेली पुस्तकं मांडतात आणि कुणी, कुठे, का हरकत घेतली ते सोबत लिहितात. ती पद्धत घेण्यासारखी आहे. तुमच्या कार्डावर एवढंच पुरे : ‘खंड ४. प्रकाशक महाराष्ट्र शासन, १९८७. परिशिष्टावर आक्षेप, १९८८. निर्णय : मजकूर कायम, टीप जोडली. बंदी नाही.’ खाली नाव, दिल्याची तारीख, परतीची तारीख असे तीन रकाने. मुदत पंधरा दिवस. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालू नका, नाव दिसू द्या. सावरकरांचा १८५७वरचा ग्रंथ इंग्रजांनी १९०९मध्ये प्रसिद्ध होण्याआधीच बंद केला, तेव्हा तो खोट्या वेष्टनांत लपवून देशात आणावा लागला आणि बंदी उठायला १९४६ उजाडलं. तुमच्यावर ती पाळी नाही.

वाचायचं कसं? सहा बैठका, दर बैठकीला चार कोडी. सुरुवात पहिल्यापासूनच करा, माणूस स्वतःला हिंदू का म्हणवतो हे सांगणं अवघड का जातं, असा त्याचा प्रश्न आहे आणि त्यावर प्रत्येकाला बोलता येतं. राम-कृष्णाचं परिशिष्ट सातव्या, वेगळ्या बैठकीला ठेवा. बहुतेक गट नेमके तिथूनच सुरू करतात. मग उरलेली चोवीस कोडी कुणी वाचत नाही आणि पुस्तक म्हणजे तेवढंच परिशिष्ट असा समज होतो. हा ग्रंथ बाबासाहेबांनी शेवटचा हात फिरवून छापायला दिलेला नाही, हस्तलिखितांवरून तो सिद्ध झाला आहे, हेही पहिल्याच दिवशी सांगा. काही प्रकरणं तुटक वाटतात, ती त्यामुळे. त्यांनी दिलेले संदर्भ पडताळायला एकाकडे मनुस्मृती आणि एकाकडे वाल्मीकी रामायणाचा मराठी अनुवाद असू द्या. जो आक्षेप घेईल त्याने श्लोक काढून दाखवायचा, जो समर्थन करेल त्यानेही. चर्चा तापली की पुन्हा पानावर यायचं, एवढं सूत्रसंचालकाने सांभाळलं तर पुरे.

पुढच्या खेपेला पुस्तक निवडताना तुमच्यातल्या बहुतेकांना न रुचणारं एखादं घ्या. गोपाळ गोडसे यांचं ‘गांधीहत्या आणि मी’ दिल्ली प्रशासनाने १९६७मध्ये जप्त केलं होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी १९६९मध्ये ती जप्ती रद्द केली. त्या पुस्तकातला युक्तिवाद आम्हाला मुळीच मान्य नाही. तरीही ती जप्ती रद्द होणं योग्यच होतं आणि गांधींवर प्रेम करणाऱ्यांनी ते वाचून खोडायला हवं. कट्ट्याच्या यादीत दोन्हीकडची पुस्तकं दिसली की ‘तुम्ही ठरवून एकाच धर्माच्या मागे लागला आहात’ हा आरोप टिकत नाही.

राहिले काका. ग्रुपवर त्यांना उत्तर देऊ नका. चारशे माणसांसमोर माणूस आपलं म्हणणं मागे घेत नाही. संध्याकाळी दार वाजवा, एक प्रत सोबत न्या. आधी शीर्षकपान दाखवा, मग परिशिष्टाखालची ती टीप. त्यांना वाटलेली काळजी खोटी नव्हती, माहिती अपुरी होती, असं म्हणा, कारण बहुतेकदा तसंच असतं. मग सातव्या बैठकीचं निमंत्रण द्या आणि त्यांचा आक्षेप पहिली दहा मिनिटं त्यांनीच मांडावा असं सुचवा, मध्ये कुणी बोलणार नाही या हमीसह. ते प्रत ठेवून घेतो म्हणाले तर ठेवू द्या. कार्डावर त्यांचं नाव लिहा आणि परतीची तारीखही, इतरांसारखीच पंधरा दिवसांनंतरची.